बटाटे फसण्याचं कारण

६ मार्च, गुरुवार दुपार

ती. आईंना नमस्कार.

तुमचा गुडघा आणि बाल्कनीतल्या कुंड्या ठीक असतील असं धरून चालते. आम्ही दोघी मजेत आहोत. निदान बटाटे करायला घेईपर्यंत होतो.

फोन का नाही केला, म्हणाल. पण मी फोन उचलला की तुम्ही "छोटीला दे गं" एवढंच म्हणता, आणि मग तुमची नात मला निरोप पोचवते. "आजी म्हणते, क्रीम उकळू द्यायचं नाही." "आजी म्हणते, थाइमच्या पाल्याच्या काड्या अख्ख्या टाकायच्या आणि नंतर काढायच्या." "आजी म्हणते, तुझी आई घाई करते." हे शेवटचं कृतीत कुठे बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी तिचा वाढदिवस. केक बाहेरचा चालेल, पण क्रीममधले बटाटे आजीसारखेच हवेत, असा हुकूम आहे. म्हणून आठवडाभर ऑफिसातून आले की मी बटाटे सोलते. एकदा क्रीम फाटलं. एकदा बटाट्यांचा असा लगदा झाला की त्यात चमचा उभा राहिला. काल मात्र सगळं जमलं. चकत्या एकसारख्या, क्रीम दाटसर, लसणाचा वास पार जिन्यापर्यंत, वरून बारीक चिरलेली पार्सली. छोटीने एक घास घेतला.

"कसे झालेत?"

"दिसतात छान."

"आणि लागतात?"

"भिंतीसारखे."

"भिंत कधी चाटलीस गं तू?"

"चिडू नकोस ना. आजी म्हणते, थाइम वाढव."

वाढवला. मग पाला चिकटवलेल्या भिंतीसारखे लागायला लागले म्हणे! मी झारा सिंकमध्ये आपटला. म्हटलं, "सांग तुझ्या आजीला, कृती द्यायची तर पुरी द्या. निम्मी स्वतःकडे ठेवून काय मिळतं?"

तर कार्टी शांतपणे म्हणाली, "आजीकडेपण आता असेच लागतात. मी तिला सांगत नाही. तिला वाईट वाटेल."

आई, तेव्हा कुठे मी स्वतः घास घेतला. ठार अळणी!

डॉक्टरांनी तुमचं मीठ बंद केल्यापासून तुम्ही स्वतःचा वाटा आधी बाजूला काढायचात. मग चमचा माझ्या तोंडापुढे धरायचात, "बघ गं, आता मीठ तू घाल." तुमच्या कृतीत मीठ नाहीच, कारण ते काम माझं होतं. आणि मी शहाणी तुमचा शब्द न् शब्द पाळत बसले. चाखून बघायचंही सुचलं नाही. चमचा तोंडापुढे आल्याशिवाय हे बटाटे चाखायची मला सवयच नाही. तिकडे तुम्ही पोरीला अळणी वाढताय, इकडे मी. तुमच्याकडे ती निमूट गिळते आणि सगळा राग माझ्याकडे येऊन काढते.

मीठ घातलं. छोटीने ताट चाटून पुसून खाल्लं. म्हणजे खरं तर या पत्राचं काम संपलं. तरी लिहितेय.

तुमच्या चिरंजीवांचं आणि माझं जे व्हायचं ते झालं. कागदावर सह्या आम्ही दोघांनी केल्या, तुम्ही नाही. मग तुम्ही का येत नाही? त्याला आवडणार नाही म्हणून? मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मी कुठे अडवलंय? तिला वाटतं, तुलाच ती नको असेल."

मला? कमाल करता तुम्ही, आई. वर्षभर एकाच ओट्याशी उभ्या असल्यासारख्या निरोप पाठवता, आणि हे मनात ठेवून बसता? तो घरातून गेला तेव्हा मी रडले नाही. काल त्या पातेल्यासमोर रडले, आणि छोटीला सांगितलं की कांद्यामुळे. कांदा नव्हताच.

रविवारी सकाळीच या. छोटीच्या मैत्रिणी दुपारी येतील. तुम्ही येणार असल्याचं छोटीला सांगितलेलं नाही. तुम्ही आला नाहीत तर तिची निराशा नको. माझी झाली तर ती मी बघून घेईन.

लिफ्ट बंद आहे. खालून हाक मारा, मी हात द्यायला खाली येते.

तुमची,
सून (दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.)