प्रॅटलीबाईंच्या परसातला खंदक

सोमवार, २ सप्टेंबर १९४०
कॉव्हेंट्रीत पाऊल टाकलं आणि घबाडच मिळालं! घरमालकीण प्रॅटलीबाई विधवा, बोलायला गोड. चहात तीन चमचे साखर, पावाला बोटभर लोणी. युद्ध चाललंय की लग्न, असं विचारलं तर म्हणाल्या, खा गं विनी, कारखान्यात हाडं झिजवायचीत. रीतीप्रमाणे माझं रेशनकार्ड त्यांच्या हवाली केलं. माझी रात्रपाळी, म्हणून दिवसा झोपायला परसातला, बॉम्बपासून लपायचा खंदक दिलाय. जमिनीत अर्धे गाडलेले पन्हाळी पत्रे, वर माती, मातीवर भोपळ्याचा वेल. शांत आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर
शेजारच्या हिबर्टबाई कुंपणावरून सांगत होत्या, आधीची भाडेकरू मेव्हिस एका सैनिकाबरोबर पळाली. तिच्या आधीची आयव्हीसुद्धा. या घराला पळायची खोडच आहे म्हणे. मी हसले.

गुरुवार, १२ सप्टेंबर
हवाई हल्ल्याचा वॉर्डन आला होता. बॉम्ब पडला तर ढिगाऱ्याखाली किती जणांना शोधायचं, त्याची तो घरोघर यादी करतो. बाईंनी सांगितलं, घरात त्या एकट्याच. आणि मी तिथेच जिन्यात उभी! नंतर विचारलं तर म्हणाल्या, तू रात्री घरात असतेस कुठे, तुला कशाला मोजायचं? पटलं. पण नीटसं नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर
साखरेमागच्या डब्यात चार रेशनकार्डं. बाईंचं, माझं, मेव्हिसचं, आयव्हीचं. चारींवर दुकानाचा परवाचा शिक्का. पळून जाणारी पोरगी रेशनकार्ड मागे ठेवते? खाते काय मग?
दुकानाच्या हिशेबात आम्ही चौघी, वॉर्डनच्या यादीत बाई एकट्या. उद्या दुपारी वॉर्डनकडे जाऊन माझं नाव लिहवूनच येते. मला भीती वाटतेय.

मंगळवार, १७ सप्टेंबर
निघतच होते, तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा. बाईंनी दंड धरून खंदकात घातलं, चहा घेऊन आलेच म्हणाल्या. बाहेरून फळी लावली —

धोका टळल्याचा भोंगा कधीच झाला. फळी हलत नाही. अडकलं तर मागचा पत्रा खोलून निघायला आत पाना असतो, तो जागेवर नाही. बाहेर फावडं — बाई फळीवर माती ओढतायत —

हिबर्टबाईंचा आवाज. विनी कुठेय, विचारतायत. बाई म्हणतात, गेली की हो सकाळीच, सैनिकाबरोबर.
ओरडले. पत्रा बडवला. पुन्हा भोंगा — त्यात कोणाला ऐकू —

मेणबत्ती बोटभर उरली. बाकाखाली खणतेय. माती भुसभुशीत. हाताला बूट लागला, बायकी —

वही सापडेल त्याने बोल्टनला माझ्या आईला, मिसेस हॅल्सॉलना, कळवा. विनी पळाली नाही. मेव्हिसही पळाली नाही, ती इथे —