कानातला मळ आणि आंधळगावची सभा

१९ नोव्हेंबर १९७८
सकाळी तलावात डुबकी मारली आणि उजवा कान बंद. डावा दिवाळीपासून जडच होता. आता दोन्ही. डोक्यावर कुणी मडकं उपडं घातलं आहे. सायकलच्या किल्लीने कोरून पाहिलं. रोजच कोरतो, वाचताना हात आपोआप जातो. आज किल्लीला काही लागलं नाही. उलट आणखी घट्ट.

जवळ येऊन ओरडलं तर ऐकू येतं. बाकी जगाची पुटपुट.

२१ नोव्हें.
माझ्या बहिरेपणाने घरात एकच माणूस सुखी. शांता. धर्मपत्नी. समोर उभी राहून ओठ हलवते, मी "काय?" म्हणतो, ती हसते. मग कानाशी तोंड आणून ओरडते, "काई नाई जी! जेवा!"

शेजारीण आली होती. दोघी माझ्याकडे बघून बोलत होत्या. म्हशीचा भाव करताना म्हशीकडे बघतात तसं.

२४ नोव्हें.
वामन आला. नाकाडोंगरीच्या शाळेत मास्तर. बोलायला मी शिकवलं. नाही तर 'अध्यक्ष महोदय' म्हणतानाही मान खाली घालायचा. सभेचं पक्कं झालं. ३ डिसेंबर, बाजारचौक. भंडाऱ्याहून खरेदीचा साहेब येणार. सरकारी धान-खरेदी केंद्र आंधळगावला द्यायचं की नाही हे लोकांचा जोर बघून ठरवणार. केंद्र आलं तर व्यापाऱ्यांचे लबाड वजनकाटे संपले. त्या काट्यांत माझे दोन चुलतभाऊ आहेत. असू देत. आधी त्यांनाच सोलणार.

वामन कानाशी ओरडला, "काकाजी, या वेळी भोंगा लावू का?"
म्हटलं, ज्याच्या छातीत दम नाही त्याने भोंगा लावावा. आजवर लावला नाही.
"पण तुमच्या कानाचं..."
भाषण कानाने करतात का, गाढवा?

तोंड पाडून गेला.

२७ नोव्हें.
गोठ्यात तालीम. आश्चर्य आहे. असा आवाज जन्मात लागला नव्हता. शब्द कवटीत घुमतो, दाढांत थरथरतो, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहून बोलावं तसा. बैल मात्र स्वस्थ रवंथ करत होते. बैलच ते.

३ डिसें.
आजची सभा! चौक भरला होता, आंबागडपासून गाड्या आल्या होत्या. तासाहून जास्त बोललो. आवाजाला तोड नव्हती, माझंच अंग शहारत होतं. चुलतभावांची नावं घेतली तेव्हा मागचे लोक उठून उभे राहिले. हात वर, मुठी वर. बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, रडत असाव्यात. वामन मधेच माझी शाल ओढू लागला. ढकलून दिला. मत्सर. साहेब अर्ध्यातून उठून गेला. ऐकवलं नाही त्याला!

घरी आलो तर शांता बोलेना. आज मी कुणाच्या बोलण्याचा भुकेला नाही.

४ डिसें.
शांताने उजव्या कानाशी तोंड लावलं आणि शब्द शब्द आत ठोकला.

"आयकू येत नवतं जी कोनाले! पुटपुटून राहिले होते तुमी! पोथी वाचून राहिले का म्हून बाया हासल्या!"
आणि मागचे उठले ते?
"जोरानं बोला, जोरानं बोला, असं वरडून राहिले होते! हात करकरून थकले बिचारे!"

साहेबाने शेजारच्याला विचारलं म्हणे, हे काय मंत्र म्हणताहेत? कागदावर एक ओळ लिहिली नाही. आता जानेवारीत पुन्हा येणार. माझे चुलतभाऊ चौकात पेढे वाटताहेत. "काकाजीचा भोंगा बसला."

खोटं. मी माझा आवाज ऐकला आहे. बायकोच्या सांगण्यावरून मी माझा आवाज ठरवू?

७ डिसें.
खळ्यावर गेलो. राशीतला दाणा दाढेखाली धरला. कट्! बंदुकीसारखा फुटला. वाळला म्हणून पोती भरायला सांगितली. शांताने राशीत कोपरापर्यंत हात घातला आणि गड्यांना थांबवलं. "अजी, ओला हाय! कोंब येतीन पोत्यात!" दुसरा दाणा चावला. कट्. तिसरा. तोही कट्. थुंकून हातावर घेतला तर पीठ मऊ, ओलं.

दाण्याच्या आवाजावर धान घेत-देत म्हातारा झालो. आज ओला दाणा वाळल्यासारखा वाजला. म्हणजे कान बंद झाला की आतलं मोठं होतं आणि बाहेरचं लहान. दाणा मोठा. मीही मोठा. माझ्या कवटीत गर्जना आणि चौकात पुटपुट.

गडी खाली बघून हसत होते. शांता खाली बघत नव्हती.

१० डिसें.
थंडी फार. 'घरगुती उपचारांचा मूर्खपणा' या विषयावर शाळाशाळांतून बोललो आहे मी. आज स्वतः चुलीपुढे आडवा झालो, डावा कान वर करून. मोहाचं तेल बाटलीत तुपासारखं गोठलं होतं. शांताने ते पळीत घेऊन निखाऱ्यावर वितळवलं आणि ओतलं.

मी किंचाळलो. ती किंकाळी मात्र गावाने ऐकली.

"तापवल्याबिगर पातळ कसं होईन?" म्हणाली. तेल पातळ झालं की कानात घालण्याजोगं झालं असं ती धरते. सगळं गाव धरतं. बोट बुडवून कुणी बघत नाही. तिचा हात कापला नाही, हे मी पाहिलं. मुद्दाम केलं असेल का? विचारलं नाही. 'हो' म्हणाली असती तर...

१३ डिसें.
कान सुजला. पू. उशी खराब. शांता उशी धुते आणि काही म्हणत नाही. हे तिचं सगळ्यात वाईट हत्यार.

१४ डिसें.
भंडारा. कानाचा डॉक्टर, तरुण, कपाळाला गोल आरसा. आधी डावा पाहिला, मग उजवा, मग मला. कुणी मोडका माल आणून टाकल्यासारखं.

"कशानं कोरता?"
सायकलची किल्ली.
"आणि तेल?"
मोहाचं. गरम.
"शिकलेले दिसता."

मग मोठ्याने, बाहेरच्या बाकावरच्यांनाही ऐकू जाईल असं: "मळ म्हणजे घाण नव्हे. तो कानाचा पहारेकरी आहे. धूळ अडवतो, किडा अडवतो, कातडी कोरडी पडू देत नाही. तुम्ही घास चावता, जबडा हलतो, तो हळूहळू आपोआप बाहेर येतो. बाहेर आला की ओल्या फडक्यानं पुसा, झालं. तुम्ही त्याला किल्लीनं परत आत ठासलंत. वर तलावाचं पाणी. फुगला."

म्हटलं, निसर्ग सगळं आपोआप करतो तर तुम्ही कशाला? समाजाचंही असंच आहे, आपोआप काही...
"भाषण बाहेर."

उजव्याला मळ मऊ करायचे थेंब दिले. कोमट करायचे असतील तर बाटली मुठीत धरायची, चुलीवर नाही. डाव्यात त्याने दिलेल्या औषधाशिवाय थेंबभरही काही नाही. काडी नाही, केसांचा आकडा नाही, बाजारातला कान साफ करणारा तर नाहीच. हे त्याने मला सांगितलं नाही. शांताला सांगितलं. ती मान डोलावत होती. माझ्या भाषणाला कधी डोलावली नाही.

२० डिसें.
पुन्हा भंडारा. पितळी पिचकारी, कोमट पाणी. पाणी फार गार किंवा फार ऊन असलं तर भोवळ येते म्हणून आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलं त्याने. दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा बूच सुटलं आणि ताटलीत पडलं. काळं, चिंचोक्याएवढं. माझ्या सभेचा खुनी. ताटलीत पडताना वाजलं आणि ते मी ऐकलं!

मग सगळं एकदम कोसळलं. नर्सची चप्पल. नळ. बाकावरचं पोर. मी "वा" म्हटलं. इतका लहान आवाज? हा माझा?

डाव्यात पिचकारी नाही. पडद्याला भोक. किल्लीने की तेलाने, विचारलं. "तुम्ही दोघं वाटून घ्या," म्हणाला. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. तलाव बंद. भोक भरेल? "भरेल किंवा नाही. त्याला एकटं सोडा."

शांता बाहेर बाकावर झोपली होती. तिला काही सांगितलं नाही. बसमध्ये तिने बोटांनी विचारलं, आलं का ऐकू? मी मान हलवली. नाही.

२२ डिसें.
कापूस दोन्हीकडे. उजवीकडे नावापुरता.

वामन ओसरीवर आला. मी आतल्या खाटेवर. दार उघडं.

वामन: "हळू बोला काकी, काकाजी जागे हायेत."
शांता: "बोला ना बिनधास्त. आता त्याइले घराचं काय अन् दाराचं काय."

मग वामनने जानेवारीच्या सभेचं भाषण सुरू केलं. माझं. माझे शब्द, माझा थांबण्याचा ताल. एका जागी अडखळला तर शांताने पुढची ओळ दिली. दिली! पाठ आहे तिला सगळं.

"इथं थांबा," म्हणाली. "ते इथं पानी पेतात. पानी पेलं का लोकं खोकून घेतात, मंग शांत होतात."
"आनखी काई, काकी?"
"हो. ते लोकाइले मूर्ख म्हनतात. तुमी म्हनू नोका. घरी आयकून आयकून मले मालूम हाय कसं लागते ते."

३० डिसें.
असा रोज पडून ऐकतो. गड्यांनी माझी नक्कल केली, ओठ हलवत, आवाज न करता. शांता हसली. चुलतभाऊ तब्येत विचारायला आले, माझ्या उशाशी बसून ठरवलं: सभेत वामनला विचारायचं, सरकार ओला धान नाकारेल तेव्हा शेतकऱ्याने तो कुठे न्यायचा? पोरगा गडबडेल. गडबडेलच. याचं उत्तर त्याला येत नाही. मला येतं.

सांगायचं तर ऐकू येतं हे सांगावं लागेल. आणि हेही, की दहा दिवस ऐकत होतो.

६ जानेवारी १९७९
उद्या सभा. चौकात भोंगा बांधला. "हॅलो, हॅलो, एक, दोन" उजव्या कानाला स्वच्छ. डाव्यातून अजून पाणी येतं. वामन दुपारी येऊन माझ्या पाया पडला, कानाशी ओरडून आशीर्वाद मागितला. कान झणझणला तरी चेहरा दगड ठेवला. साहेबापुढे पुन्हा फजिती झाली तर केंद्र गेलंच. चुलतभावांच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे माझ्या तोंडात आहे.

शांताने माझा सभेचा कोट उन्हात घातला होता, तो आत्ता आणून खुंटीला लावला. माझ्याकडे पाठ. ओरडली नाही, जवळ आली नाही. पदराने कॉलर झाडता झाडता, नेहमीच्या आवाजात:

"उद्या जाता का जी, सभेले?"

मी लिहितो आहे. मान वर केलेली नाही. ती वळलेली नाही, पण कॉलर झाडणंही थांबलं आहे.