दादाच्या नावाचा बेलभंडार

१० फेब्रुवारी २००२
सगळं बदललं ते आज, खंडोबाच्या देवळात, माझा हात पुढं गेला तेव्हा.
जि. प.ची निवडणूक, दादा उमेदवार. दादाला घेऊन आमच्याच गावात प्रचाराला आल्तो. जाहीरनामा मी लिहिलेला. पोरींना दहावीपर्यंत शाळा, दारूचं दुकान बंद, आणि सगळ्यात वर, नदीतली वाळू उपसू देणार नाही. मोठ्यानं वाचला. सु.चे वडील, तात्या, उठले. "कागद राहू द्या. वाळू गेली की आमचे झिरे गेले. उन्हाळ्यात वाळू उकरूनच पाणी पितो आम्ही. दादा, बेलभंडार उचला."
दादा हसले. "माझी अंघोळ न्हाई झाली आज. हा विज्या उचलील. अक्षर त्याचंच हाय."
खांबापाशी बायांत सु. उभी. उचलला. बेलाचं पान, चिमूटभर हळद. म्हणलं, दादाच्या नावानं सांगतो, वाळू जाणार न्हाई. गेली तर माझ्यावर.
तात्यांनी पाठीवर हात ठेवला. कॉलेज सोडल्यापासून हा माणूस माझ्याकडं बघत नव्हता.

१४ फेब्रु.
हसनाबादची सभा. घसा गेला. दादा म्हणले, निकाल लागू दे, तात्याकडं तुझ्या नि सु.च्या लग्नाचा शब्द मी टाकतो.
सांजच्याला सु. झिऱ्यावर. वाटीनं घागर भरून राह्यली होती. "तात्या घरात तुझं नाव काढत्यात आता. पण दुसऱ्याच्या नावानं कशाला उचलायचा?" म्हणलं, एकच की ते. तिनं पुन्हा वाटी बुडवली. दिसते कशी पण, पाण्याकडं वाकलेली...

२५ फेब्रु.
आले दादा निवडून. गावानं एकगठ्ठा मत टाकलं, भंडाऱ्याच्या भरवशावर. माय म्हणते गुलाल धुवायला पाणी न्हाई, तसाच नीज.

९ मार्च
नदीत ट्रॅक्टर. दादाच्या मेव्हण्याचे.

१० मार्च
भोकरदनला गेलो. दादा चहा पीत होते, भोवती आठदहा जण.
"दादा, शपथ घेतली आपण."
"आपण? आरे नाव माझं, हात तुझा. मी तर बिनअंघोळीचा होतो."
सगळे हसले. मंग जवळ बसवून, हळू: "मेव्हण्याला नदीवर भरवशाचा माणूस पाहिजे. उद्यापासून उभा राह्य."
कप भिंतीवर फेकला. पोरांनी जिन्यावरून खाली ढकललं. सु.चा शब्दही तिथंच राहिला.

१९ मार्च
दोन ट्रॅक्टरांची हवा सोडली. मार खाल्ला. दुपारपर्यंत ट्रॅक्टर परत चालू.

२ एप्रिल
झिऱ्यात लाल गाळ. बाया खड्ड्यात उतरून पाणी शोधत होत्या, ट्रॅक्टरनं कापलेली कड ढासळली. सु.ची माय खाली. जिती आहे. मांडी मोडली.
लांबच्या विहिरीवरून घागर आणून त्यांच्या दारात ठेवली. तात्यांनी माझ्यासमोर पालथी केली. "भंडार मोडलेल्याच्या हातचं पाणी आम्हाला चालत न्हाई." शिवी नाही, आवाज नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
सु.ला म्हणलं, तू बघत होतीस म्हणून उचलला. "मला मधी घेऊ नको," म्हणली. रिकामी घागर उचलून माझ्या हातात दिली.

५ एप्रिल
दादाचा निरोप. उद्या पंचनामा. म्हणायचं, बायांनीच झिरा खोल खणला, कड आपोआप पडली. गावात शपथ वगैरे काही झाली न्हाई. नदीवरचं काम अजून तुझंच हाय.
माय म्हणते हो म्हण, न्हाईतर गप्प बैस. तात्या कुणाशी बोलत नाहीत. सु. दिसली नाही. तिच्यासाठी करून राह्यलो का हे? आता सांगता येत नाही.

६ एप्रिल, सकाळ
एका तांब्यात अंघोळ केली. हातावर पाणी टाकून टाकून.
देवळात विचारलं आहे पुजाऱ्याला. भंडारा काढून ठेवतो म्हणला, माझ्याकडं न बघता. आज कुणाच्या नावानं नाही. पंचांसमोर उचलणार, कड कशानं पडली ते सांगणार. साहेब लोक हळदीचं काय लिहून घेतील, माहीत नाही. तात्या येतील का, तेही.
जीप आली. दोन आहेत, मागची दादाची.
माय म्हणते, विज्या, दार लाव.
लावतो. बाहेरून.