स्टूल, सुट्या अवस्थेत

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

बातमी वाईट आहे. मामाची लाकडी स्टुलं ज्या देशात जातात, तिथल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या फर्निचरवर टॅरिफ वाढवला. मामाचं परदेशी गिऱ्हाईक एकच, एक दुकानवाल्या बाई. त्यांचा फोन आला की माल आता फार महाग पडतोय, महिनाअखेरच्या मालाचं काय करायचं ते ठरवू. मामाने फोन ठेवला आणि बराच वेळ बंद पंख्याकडे बघत बसला.

बाई गेल्या तर कारखाना बंद. शेजारच्या टायरवाल्याला आमची शेड गोदामासाठी हवीच आहे. तो आजच येऊन दाराची रुंदी मोजून गेला. मेलेल्या उंदराची खबर घारीला आधी लागते.

मी मामाला म्हटलं, माझ्यावर सोड. मामा म्हणाला, तुझ्यावर सोडलं की सुटतंच सगळं. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता.

मामी म्हणाली, कंटेनर जाईपर्यंत राहू दे याला, मग धाडा बापाकडे. म्हणजे महिनाअखेरपर्यंत मुदत. पुष्कळ झाली. आंतरराष्ट्रीय अनुभव मला आहेच. जहाजाच्या कॅन्टीनमध्ये काम केलंय. जहाज तेव्हा दुरुस्तीला उभं होतं, हा भाग वेगळा.

५ मार्च, बुधवार. सकाळी

वेबिनार पाहिला. विषय, 'वाढत्या टॅरिफच्या काळात निर्यातदारांनी काय करावं'. फुकट. बोलणारा टाय लावून होता, म्हणजे जाणकार.

मुद्दे: नवे बाजार शोधा. मालाचं स्वरूप बदला. गिऱ्हाइकाशी मोकळेपणाने बोलून टॅरिफचा भार वाटून घ्या.

तिसरा मुद्दा अगदीच बुळा. नुसतं बोलून काय होतं? खोडला.

मग तो म्हणाला, आता निर्यातदार नेहमी कोणत्या चुका करतात ते पाहू. मला चुका करायच्याच नाहीत, तर पाहू कशाला? तेवढ्यात बाजूला दुसरा व्हिडिओ दिसला, दीपगृहाचा दिवा कसा बदलतात. थरारक प्रकार. दीपगृहात नोकऱ्या निघतात का, बघितलं पाहिजे.

नको. आधी टॅरिफ. वेबिनारचा उरलेला भाग उद्या नक्की.

७ मार्च, शुक्रवार

नवा बाजार सापडला. नकाशा समोर धरला आणि जिथे नुसतं वाळवंट आहे असा देश निवडला. झाड नाही म्हणजे लाकूड नाही, लाकूड नाही म्हणजे स्टूल नाही. लोक बिचारे उभे असणार. चिमणीला (मामेबहीण, अंगाने चिमणी, जिभेने घार) हे सांगितलं. ती म्हणाली, दादा, त्यांच्याकडे बर्फही नाही, तो पण पाठवू का? टिंगलीकडे दुर्लक्ष करायला शिकणे.

तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर सगळी माहिती भरली. स्टुलं, संख्या भरपूर, लवकर.

८ मार्च, शनिवार

कंपनीच्या एजंटचा फोन. फारच आदबीने बोलतो. ते स्वतःच स्टुलं बनवतात. मी बहुधा विकण्याऐवजी विकत घेण्याच्या रकान्यात माहिती भरली. म्हणतो, मामाच्या स्टुलापेक्षा स्वस्त देतो.

वेबिनार उद्या. आज डोकं जड आहे.

१० मार्च, सोमवार

एजंटचा पुन्हा फोन. फोन बंद ठेवून विचार केला आणि सुचलं! टायरवाल्याच्या दुकानाकडे बघताना सुचलं. गाडीवर टॅक्स वेगळा, टायरवर वेगळा. कारण टायरला कोणी गाडी म्हणत नाही. मग स्टुलाच्या पायाला तरी स्टूल का म्हणावं? तो एक दांडका. बैठक म्हणजे एक फळी. दांडक्यावर आणि फळीवर फर्निचरचा टॅरिफ कसा लागेल?

स्टुलं सुटी करून पाठवायची. तिकडे बाईंनी ठोकून जोडायची. आमच्या स्टुलाला ना खिळा ना गोंद, पाय भोकात ठोकून घट्ट बसवलेले असतात. बाईंना नेमकं तेच आवडतं. जे ठोकून बसतं ते ठोकून निघतंही.

टाय लावलेल्या माणसालासुद्धा हे सुचलं नव्हतं. निदान मी पाहिलं तोपर्यंत तरी नाही.

मामा लाकूड बघायला बाहेरगावी गेलाय. आमचे मिस्त्री डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर. जाताना ते मला बजावून गेलेत, भाचेबुवा, तयार स्टुलांना हात लावायचा नाही. पॉलिशवर बोटं उमटतात म्हणून असणार. मी मामीचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले.

११ मार्च, मंगळवार

दिवसभर मोगरी चालवली. खांदा गेला. पण निर्यात म्हणजे मेहनत आलीच.

मिस्त्रींच्या कामात शिस्त नाही. प्रत्येक पायाच्या टोकाला आणि बैठकीच्या खाली पेन्सिलीने काहीतरी गिरबटलेलं. कुठे दोन रेघा, कुठे फुली, कुठे कावळ्याचा पाय. वय झालं की माणूस असं रेघोट्या मारत बसतो. परदेशी गिऱ्हाइकाला अशी घाण दाखवायची? पॉलिश पेपर घेऊन सगळं घासून काढलं. मग सॉर्टिंग: पाय एका खोक्यात, बैठका दुसऱ्यात, आडव्या दांड्या तिसऱ्यात. एकसारखं एका जागी. शेडला प्रथमच गोदामाचं रूप आलं.

चिमणी म्हणाली, दादा, मिस्त्रीकाकांना एक फोन करून विचारलंस का? मी म्हटलं, डोळ्याच्या पेशंटला फोन करू नये. ती म्हणाली, फोन कानाने ऐकतात.

१२ मार्च, बुधवार

मामा आला. दारातच थबकला. स्टुलांचा डोंगर कुठे गेला म्हणाला. मी खोकी दाखवली. आधीच्या मालाला शेड पुरायची नाही, आता सगळा माल एका भिंतीला मावतो. सगळी योजना समजावली. गाडी, टायर, दांडकं, फळी.

मामा खोक्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, म्हणजे कंटेनरमध्ये दुप्पट माल बसेल? (हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे.) मामा म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा तू पसारा कमी केलास. आणि स्वतःच्या हाताने मला चहा आणून दिला. मामी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली.

मग मामाने टायरवाल्याला फोन केला. शेड द्यायची नाही, विषय संपला, असं म्हणाला. आवाज अगदी पूर्वीचा. माझा ऊर भरून आला.

१३ मार्च, गुरुवार

बाईंना नमुना कुरिअरने पाठवला. चार पाय, दोन दांड्या, एक बैठक. वरून वरून उचलले.

'आंतरराष्ट्रीय व्यापार सल्लागार' असं व्हिजिटिंग कार्ड छापावं का? तीन डिझाइनं काढली. एकात पृथ्वी आहे, तिला चार पाय. दिवस त्यातच गेला. वेबिनारची आता गरज वाटत नाही.

१९ मार्च, बुधवार

मिस्त्री आले. काळा चष्मा. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, तरी आले. खोकी पाहिली. एक पाय उचलला, टोकावरून अंगठा फिरवला. दुसरा उचलला. मग विचारलं, खुणा कुठायत?

मी अभिमानाने सांगितलं.

मिस्त्री बसायला गेले. शेडमध्ये बसायला काही उरलंच नव्हतं. खाली जमिनीवर बसले.

प्रकार असा निघाला. मिस्त्री प्रत्येक पाय हाताने, त्याच्या त्याच्या भोकाच्या मापाने घडवतात. या भोकाचा पाय त्या भोकात जात नाही. गेला तर डुगडुगतो. कोणता पाय कुठला, हे त्या रेघांवरून कळायचं. मिस्त्री म्हणाले, भाचेबुवा, शंभर घरच्या सुना एका खोलीत कोंडल्यात आणि कपाळाची कुंकवं पुसलीत तुम्ही. मी म्हटलं, मग मशीनने पाय का नाही करत? चिमणीने माझ्या हातातली मोगरी काढून घेतली. का ते कळलं नाही.

टीप: दोष पद्धतीचा आहे. योजनेचा नाही. टॅरिफ तर वाचणारच.

२१ मार्च, शुक्रवार

टॅरिफ वाचला नाही.

नमुना पोचला. कस्टमवाल्यांनी पावतीवर लिहिलंय, 'स्टूल, सुट्या अवस्थेत'. टॅरिफ पूर्ण स्टुलाचा. बाईंनी व्हिडिओ पाठवला. स्टूल जोडलंय, त्या बोटाने टेकवतात आणि ते नमस्कार केल्यासारखं पुढे वाकतं. मागे कोणीतरी हसतंय.

टायरवाला दाराशी आला होता. त्याला माझा टायरचा मुद्दा सांगितला. तो म्हणाला, अरे, टायर, इंजिन, दारं, स्टिअरिंग सगळं एकाच ट्रकमध्ये आलं तर कस्टमवाला काय आंधळा आहे? टायर विकणाऱ्याला तत्त्व कळत नाही.

मामीने मला वाढताना एकदाही पुरे का विचारलं नाही.

२२ मार्च, शनिवार

चिमणीने बाईंना फोन केला. कोणाला न विचारता. मी दाराआडून ऐकलं. दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा, मग सरळ विचारलं, टॅरिफ आम्हाला एकट्यांना झेपत नाही, काय करू या? बाई म्हणाल्या, अगं, त्यासाठीच तर मी पहिल्या दिवशी फोन केला होता. अर्धा मी सोसते, अर्धा तुम्ही. माझी गिऱ्हाइकं थोडं जास्त देतील, पण स्टूल नीट उभं हवं आणि वेळेवर हवं.

इतकंच. मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

हा तिसरा मुद्दा मीच सर्वांत आधी नोंदवला होता, असं सांगितलं. ५ तारखेचं पानही दाखवलं. चिमणी म्हणाली, त्यावर काट आहे दादा.

२४ मार्च, सोमवार

सगळे जमिनीवर. मिस्त्री बैठक मांडीवर घेतात, चिमणी पाय देते, बसला तर बसला, नाहीतर दुसरा. मामी पोळपाट बाजूला ठेवून आली. मला फक्त पाय पुसायला दिलेत. वाळवंटवाल्या एजंटचा फोन आला. मामाने घेतला. म्हणाला, तयार स्टुलं आहेत का? चालती-बोलती, चार पायांची? एजंट खूश झाला. मामाने फोन आपटला.

मी सुचवलं, आता पायांवर पुन्हा खुणा घालू या. मिस्त्री म्हणाले, घाला की. मग स्वतःचे दोन्ही पाय माझ्यापुढे लांब केले आणि म्हणाले, माझ्यापासून सुरुवात करा.

२९ मार्च, शनिवार

कंटेनर गेला. अर्धा रिकामा. जेवढ्या जोड्या जुळल्या तेवढा माल गेला, काही पाय मिस्त्रींनी नवे केले. त्यांचा डोळा लाल झालाय. उरलेल्या मालाचं बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला बघू. 'बघू' म्हणजे होच.

शेडचा मागचा अर्धा भाग टायरवाल्याला दिला. पूर्ण नाही. अर्धा कारखाना वाचला, हे कोणीच मोकळेपणाने मान्य करत नाही. मिस्त्री आता पुढच्या भागात बसतात. तिथे उजेड कमी आहे.

मामाने माझं बसचं तिकीट काढून आणलं.

३१ मार्च, सोमवार. बसमध्ये

वेबिनारचा उरलेला भाग पाहिला. चूक पहिली: माल सुटा करून पाठवला की टॅरिफ चुकतो असं समजणं. पण त्याने उदाहरण खुर्चीचं दिलंय. स्टुलाचं दिलं असतं तर माझ्या लक्षात आलं असतं.

निघताना मामी दारात आली. डब्यात पोळीभाजी दिली. म्हणाली, राजा, पोचल्यावर फोन कर. आणि तिथे कशाला हात लावू नकोस. मामाने एक खोकं दिलं. कशातच न बसलेले पाय आणि एक बैठक. म्हणाला, तुझा वाटा.

याला भागीदारीच म्हणायची.

२ एप्रिल, बुधवार. घरी

बाबांनी विचारलं, काय करून आलास? म्हटलं, आंतरराष्ट्रीय. ते पेपर वाचू लागले.

नवी योजना: इथूनच सुरुवात. दीपगृहाची चौकशीही चालू ठेवायची. सल्लागाराला स्वतःची बैठक हवी, म्हणून सकाळपासून खोकं उघडून स्टूल जोडलं. मिस्त्रींना जे आठवड्यात जमलं नाही ते मला दुपारपर्यंत जमलं. चारही पाय बसले. एक जरा सैल होता, त्याला व्हिजिटिंग कार्डाच्या डिझाइनची घडी करून घातली. छान उभं आहे. त्यावर बसूनच हे लिहितोय. पाय बसवायला मिस्त्रीच लागतो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे हे आता सिद्ध झ

उरलेलं जमिनीवर बसून लिहितो आहे.