डावीकडून येणारी विमानं

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. आमचा गेम होत आलाय. आपण लहानपणी खेळायचो तसाच, जुन्या धाटणीचा. अवाढव्य लोखंडी यंत्रमानव, त्याच्या पोटात बसलेली वैमानिक, तो पडद्यावर उजवीकडे निघालाय आणि समोरून गोळ्यांचा मारा. वैमानिकेचे केस तुझ्यासारखे पिंजारलेले काढलेत. रागावू नकोस.

एकच कटकट आहे. मागून, म्हणजे पडद्याच्या डावीकडून, शत्रूची विमानं येतात ती मला दिसतच नाहीत. एकदम स्फोट आणि खेळ खलास. मी चित्रं काढतो, प्रोग्रॅम माझा भागीदार लिहितो, ज्याला मी प्रोफेसर म्हणतो तोच. त्याच्याशी कडाक्याचं भांडलो. तो म्हणतो, विमानं लालभडक आहेत, सगळ्यांना दिसतात. चूक कबूल करेल तर शपथ!

बाकी ठणठणीत. परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, तेवढंच. आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बारक्या

१७ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

खांदा कुठला आपटला? डावाच ना?

मी दिवसभर लोकांना गाडी शिकवते. माणूस कुठे बघत नाही ते मला त्याच्या मानेवरून कळतं. तू मागे घरी आलास तेव्हा ताटाच्या डावीकडचं सगळं तसंच ठेवून उठलास. आई म्हणाली, पोरगा अन्न टाकायला लागला. मी हसले होते.

एक डोळा झाकून घड्याळाकडे बघ, मग दुसरा झाकून. डॉक्टरांकडे जा. आणि माझी शपथ आहे, मोटारसायकलला हात लावू नकोस. आईला यातलं काही बोललेले नाही. लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी ताई

२१ जून

ताई,

तुझं पत्र वाचून मी हसलो, खिशात घातलं आणि मोटारसायकल काढली. चौकात डावीकडून एक बाई सायकलवरून आल्या. मला दिसल्याच नाहीत. धक्का लागून पडल्या, गुडघे सोलवटले. आंधळा आहेस का, म्हणून ओरडल्या.

त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि तिथल्याच बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्ही वेळा आठ, नऊ, दहा हे डावीकडचे आकडे नव्हतेच. काळोखही नाही गं, काहीच नाही.

प्रोफेसरची विमानं होती, ताई. सगळी होती.

समोरच डॉक्टरांचं दार होतं, तरी उठून घरी आलो. ते सांगत नाहीत तोवर काही झालेलंच नाही, असं वाटतं. तू ये.

बारक्या

२ जुलै

ती. आईस,
सा. न.

फोनवर मला रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. बारक्याला डावीकडचं दिसेनासं झालंय, म्हणून मी इथे येऊन त्याला डॉक्टरांकडे नेलं. दोष डोळ्यांत नाही. डोक्यात मागच्या बाजूला गाठ आहे आणि ती नजरेच्या जागेवर दाब देतेय. गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. गाठ साधी की वाईट, ते काढल्यावरच कळेल. गेलेली नजर परत येईलच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलंय.

बारक्या नर्सची टिंगल करतो, आणि त्या वळल्या की माझं मनगट घट्ट धरतो. काल म्हणाला, चित्रं काढता आली नाहीत तर मी कोण? तू निघून ये. मी घाबरलेय, हे मात्र त्याला कळू देऊ नकोस.

तुझी लेक

२८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेलीस तेव्हा तपासणीचा निकाल यायचा होता. गाठ साधी निघाली. प्रोफेसर ऐकून ढसाढसा रडला आणि वर त्याने मलाच दटावलं.

नजर थोडी परतली आहे. डावीकडचं धुरकट काचेतून दिसावं तसं दिसतं, खालचा कोपरा अजून गायबच. पुढे वाढेल की इतकंच राहील, डॉक्टर सांगू शकत नाहीत. रोज जाग आली की मी डोळे मिटूनच पडून राहतो. उघडले आणि कालच्यापेक्षा कमी दिसलं तर?

आज आईने ओळखलं. जागा आहेस ना, मग डोळे का मिटलेस, म्हणाली. भीती वाटते, असं पहिल्यांदाच बोललो. ती म्हणाली, मलाही वाटते, म्हणून तर रोज तू उठायच्या आधी इथे येऊन बसते.

मग उघडले. आई डावीकडेच बसली होती, निम्मी स्पष्ट, निम्मी धुक्यात. मी हात पुढे केला तो चुकला. तिने धरला.

सवड काढून ये. तुझ्या मायेचा भुकेला,

बारक्या