केसरचा अंगठा आणि माझी नीरा

थळ, ३ जानेवारी १९३४

नवरे हो! हिताचे सांगितले तरी बायको ऐकत नाही, हे आपणा सर्वांचे एकच दुःख आहे. (समोर श्रोते नाहीत, नुसती वही आहे. पण अशी सुरुवात केल्याशिवाय माझी लेखणी चालत नाही.)

माझे कुटुंब केसर हिच्या पायाच्या अंगठ्याला कालवाची शिंप लागली, ती जखम दोन महिने भरत नाही. आज अलिबागच्या डॉक्टरने हिची लघवी निळ्या औषधात उकळली. रंग निळाच राहिला तर साखर नाही, म्हणाला; हिची विटेसारखी लाल झाली. मधुमेह. आहार सुधारला नाही तर शिमग्यानंतर मुंबईला नेऊन अंगठा कापावा लागेल, म्हणाला. हिचे तोंड पांढरे पडले.

तपासणीसाठी काचेची नळी, निळी बाटली आणि पथ्याचा कागद मिळाला. कागदावर काय? अर्धी नाचणीची भाकरी, पालेभाजी, ताक, मासे. मासे! माणूस पाच वर्षे कॉलेजात घालवतो आणि शेवटी मांदेली लिहून देतो. कागद चुलीत टाकला. या विषयावर मी चार ग्रंथ वाचले आहेत (चौथा निम्मा).

५ जानेवारी

नियम जाहीर केले. हिचा भात बंद, गूळ बंद, मासे बंद. सकाळी ताजी नीरा. मी जिल्हाभर दारूबंदीवर लेक्चरे देतो. माडाचा रस आंबला तर माडी, म्हणजे विष; ताजा प्याला तर नीरा, म्हणजे अमृत, हे माझे मत रेवसपर्यंत माहीत आहे.

केसरने विचारले, 'मग माझ्या वाटणीचा भात कोण खाणार?' अन्न टाकू नये म्हणून मी ते पत्करले. 'केवढा हो त्याग तुमचा!' म्हणाली. या बाईला गांभीर्य नाही.

७ जानेवारी, सकाळ

माडावर चढणारा येसाजी मडके घेऊन आला. म्हणतो, 'भाऊ, ही गोड हाय. मुंग्या लागतात हिला. वयनीला कशी चालंल?' निसर्गाचा गोडवा निराळा आणि कारखान्याची साखर निराळी, हे त्याला तासभर समजावले. शेवटी म्हणाला, 'भाऊ, आता फेस आला. दुसरी आणू?' अडाणी माणसाशी वाद घालणे व्यर्थ.

२० जानेवारी

नळी लालीवरून हिरवी! साखर उतरली. नीरेचा गुण. ही पूजेनंतर नीरा पिते. मी दुपारी वाचनालयातून येतो तेव्हा मडक्यात बरीच उरलेली असते. 'उरली ती तुम्ही घ्या,' म्हणते. जराशी आंबट लागते. पण काय स्फूर्ती! आज जेवणानंतर दीड तास अस्खलित बोललो. समोर फक्त शेळी होती.

२ फेब्रुवारी

हिच्या पदराला मांदेलीचा वास. वारा कोळीवाड्याकडून आहे.

११ फेब्रुवारी

नळी निळी! डॉक्टर तोंडघशी. अठराला रेवसला जाहीर सभा घेणार. विषय: 'नीरा आणि मधुमेह'. केसरला पुरावा म्हणून व्यासपीठावर बसवणार. 'मला नेऊ नका, पस्तावाल,' म्हणाली. सभेची भीती. बायकांची जातच भित्री.

१९ फेब्रुवारी

काल सभा झाली. सकाळचे मडके उन्हात टेबलावर होते. प्रात्यक्षिक म्हणून प्रथम दोन पेले मीच घेतले. चाळीस मिनिटे बोललो. मग आमच्या कोळीवाड्यातली मैना कोळीण गर्दीतून ओरडली, 'वयनी, खरं सांग, किती प्यालीस गो?'

केसर म्हणाली, 'एक थेंबही नाही.' आणि कमरेची पिशवी उघडून एक कोपरा जळलेला कागद काढला. डॉक्टरचा! चुलीतून उचललेला! मोठ्याने वाचून दाखवला. मासे रोज मैनाकडे खात होती. हिला वाचायला मीच शिकवले. स्त्रीशिक्षणावर माझे लेक्चर आहे. हा धोका त्यात घातलेला नाही.

'मग मडकं कोन संपवी?' मैनाने विचारले. केसर माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या दारूबंदी कमिटीचे चिटणीस चांगदेव यांनी पेला हुंगला. 'भाऊ, ही माडी आहे हो.' मी प्रतिवाद करायला उठलो. टेबल माझ्या आधी उठले.

१ मार्च, शिमगा

डॉक्टरने अंगठा पाहिला. नवी कातडी आली आहे. कापायचा नाही. शाबासकी हिला. मी त्याला चार ग्रंथांची नावे सांगितली. तो हिच्यासाठी दुसरा कागद लिहीत होता.

घरी चांगदेव प्रतिज्ञापत्र घेऊन बसलेले. 'माडीच्या थेंबालाही शिवणार नाही.' मजकूर माझाच, छापलाही मीच. केसरने दौत धरली. मी सही केली.

जेवायला बसलो. ताटात अर्धी भाकरी, पालेभाजी, ताक. भात विचारला. म्हणाली, 'आता घरात पथ्याचा कागद एकच, दोघांना.'

नवरे हो! डॉक्टरने दिलेला पथ्याचा कागद घरी पोचताच बायकोच्या हातात द्या. चुलीत टाकून उपयोग नाही. तो नीट जळत नाही.