ज्याचं पान त्यालाच

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. म्हणजे हे एक कारण झालं, दुसरं शेवटी सांगेन. पत्राचा फायदा असा की तुला मध्येच तोंड घालता येत नाही. लहानपणापासूनची खोड आहे तुझी, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू. आता गप्प बस आणि वाच. दवाखान्यांच्या साइट बनवणाऱ्या त्या कंपनीला तू नकार कळवणार आहेस, हे मला तुझ्या लेकीने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. जिला एवढं साधं कळलं नाही तिने लोकांच्या आजारपणाच्या नोंदींना हात लावू नये, असं म्हणालीस म्हणे. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय ना? मग त्याआधी माझं ऐकून घे. दुकान या आठवड्यात मी दुपारनंतर बंदच ठेवतेय, तेव्हा लिहायला वेळ आहे.

तुझं ऑफिस बंद पडलं तेव्हा तू आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मग एक दिवस उठलीस, केस विंचरलेस आणि संध्याकाळच्या क्लासला नाव घालून आलीस. वेबसाइट बनवायला शिकणार म्हणे. वर्गातली पोरं तुला काकू म्हणायची आणि तू त्यांच्याशेजारी बसून त्यांनाच शंका विचारायचीस. त्यात तुला काडीचा कमीपणा वाटला नाही. मला वाटला असता. नव्या शिलाई मशीनचं माहितीपत्रक वाचावं लागू नये म्हणून मी जुन्या मशीनवर किती वर्षं रेटलं, ते तू बघितलं आहेस.

शिकून झाल्यावर पहिलं गिऱ्हाईक म्हणून तू मलाच गाठलंस. माझ्याकडे तेव्हा मापांची कार्डं बुटांच्या खोक्यात असायची, आणि माप घ्यायची माझी रीत तर जगजाहीर आहे. टेप लावायचा आणि आकडा असा ओरडायचा की पलीकडच्या चपलांच्या दुकानातही कळावं. तू म्हणालीस, ताई, हे लोकांचं अंग आहे, ते असं उघड्यावर ठेवू नकोस. मी हसले. माप ते माप, त्यात काय सोनं लागून गेलंय? तू मात्र हसली नाहीस. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान केलंस, पासवर्ड घालून ज्याने त्याने आपलं उघडायचं, घरबसल्या कपडा सांगायचा. मी जन्मतारीख विचारूया म्हटलं, घरात माणसं किती ते विचारूया म्हटलं, आणि तू एकेक खोडत गेलीस. जन्मतारीख कशाला, केक पाठवणार आहेस का, असं म्हणून माझीच फिरकी घेतलीस.

बेकरीवाल्याचं आठवतंय का? दुकानातल्या टॅब्लेटवर त्याने आपलं पान उघडलं आणि तसाच निघून गेला. मागून आलेल्या बायकांनी आपापल्या मापांत आणि फॅशनीत दुरुस्त्या केल्या, त्या सगळ्या त्याच्याच पानावर जाऊन बसल्या. मी डोळे झाकून कापड कापलं असतं तर त्या आडदांड माणसाच्या पँटला कंबरेशी चुण्या आणि मागे बो आला असता. तू कपाळाला हात लावलास, मग खो-खो हसलीस, आणि त्याच दिवशी अशी सोय केलीस की थोडा वेळ कुणी हात लावला नाही की टॅब्लेट आधीच्या माणसाला आपोआप बाहेर काढतो. आणि एकदा मी स्वतःचाच पासवर्ड विसरले, तुला म्हटलं सांग गं, तर तू म्हणालीस मला माहीत नाही. मी उखडलेच. कुलूप तू लावलंस आणि किल्ली तुलाच ठाऊक नाही? तेव्हा तू सांगितलंस की पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाहीत, दळून ठेवतात. पिठाचे परत गहू होत नाहीत. दारात येऊन कुणी गहू दिले की ते दळून बघायचे, पीठ तेच निघालं तर माणूस तोच. सगळं तुझ्या हातात असताना तू स्वतःलाही दिसणार नाही अशी व्यवस्था करून ठेवलीस, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. तोंडावर बोलले नाही. तोंडावर मी एवढंच म्हटलं, मग नवा दे आणि लवकर दे.

मग ती चूक झाली. सरळच लिहिते, कारण तू मनातल्या मनात तिचा डोंगर केला आहेस. पान उघडलं की वर साइटचा जो पत्ता येतो, त्याच्या शेवटी गिऱ्हाइकाचा नंबर दिसायचा. पोस्टातल्या काकांच्या हातून तो आकडा बदलला गेला आणि त्यांच्यासमोर गाण्याच्या बाईंचं पान उघडलं. तुझा दारावरचा राखणदार, म्हणजे तो पासवर्ड, आत येणारा ओळखीचा आहे की नाही तेवढं बघत होता. आत आल्यावर तो आपल्याच खोलीत जातो की दुसऱ्याच्या, हे बघायला कुणी नव्हतं. काका भला माणूस, त्यांनी पान झाकलं आणि आधी मला फोन केला. पण त्या पानावर मापांच्या खाली एक ओळ होती, डावीकडे आतून पॅड शिवणे. बाईंचं ऑपरेशन झाल्याचं त्यांच्या शेजारणीलासुद्धा ठाऊक नव्हतं. कपडा अंगावर नीट बसावा म्हणून त्यांनी ते फक्त मला सांगितलं होतं.

मी तुला काय म्हटलं ते मला चांगलं आठवतंय. गुपचूप दुरुस्त कर, काका बोलायचे नाहीत, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी उगाचच टेप गुंडाळायला लागले. त्याच दुपारी तू साइट बंद केलीस. कुठलं पान कुणी उघडलं याची नोंद साइट स्वतः ठेवते, ती सगळी चाळलीस, आणि दुसऱ्या कुणी काही बघितलं नाही याची खात्री झाल्यावरच पाणी प्यायलीस. मग एकेका गिऱ्हाइकाला फोन. कुणी म्हणालं बरं बरं, कुणी वाटेल ते बोललं, बेकरीवाल्याने तर आधी माझी चूक होती, आता तुझी झाली, फिटंफाट, असं म्हणून फोन ठेवला. बाईंकडे मात्र तू स्वतः गेलीस. मी जिन्यात बसून होते. काय दिसलं, कुणाला दिसलं, कशामुळे दिसलं, सगळं तू सांगितलंस, काकांचं नावसुद्धा त्यांना आधी विचारून. यंत्राच्या डोक्यावर खापर फोडलं नाहीस. बाईंनी ऐकून घेतलं आणि दार हळूच लावलं. त्या हळू लावलेल्या दाराने तू खचलीस. ते भोक तू बुजवलंस, दहा वेळा तपासलंस, पण साइट काही परत उघडली नाहीस.

आता ऐक. परवा बाई दुकानात आल्या. गाण्याच्या कार्यक्रमासाठी पायघोळ झगा शिवायचा होता. मी कार्ड काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, ते पान परत कधी सुरू होणार? मला वाटलं टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. त्या म्हणाल्या, राग आला होता, खूप आला होता. पण माझ्या आजारपणाचे कागद इतक्या हातांतून फिरले, एकदा तर हरवले, आणि कधी कुणी येऊन एका शब्दाने बोललं नाही. तुमची बहीण दारात येऊन उभी राहिली. ठेवायचंच असेल कुणाकडे तर तिच्याकडे ठेवेन. मला तिथेच रडू आलं आणि ते सगळं झग्याच्या कापडावर सांडलं. महागाचं कापड होतं.

रडू फक्त त्याचं नव्हतं, आणि हेच ते दुसरं कारण. मी बाईंना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, ते पॅड टोचतं का, हात पूर्ण वर जातो का, कामाला कधी लागलात. बाई काय समजायचं ते समजल्या. सोमवारी मला दाखल व्हायचंय, भिंगरी. गाठ लहान आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात वेळेत सापडली, पण काढावं सगळंच लागेल. तुझ्या भावजींना माहीत आहे, बाईंना माहीत आहे आणि आता तुला. आणखी कुणाला कळायला नकोय मला. जन्मभर लोकांची मापं दुकानभर ओरडले, पण ही माझी एक ओळ त्या बुटाच्या खोक्यात नकोय. मी घरी आले की माझं माप तू घे, हळू आवाजात, आणि तुझ्या हाताने माझ्या पानावर लिही, उजवीकडे आतून पॅड शिवणे. म्हणजे साइट सुरू हवी. आणि त्या कंपनीला शुक्रवारी हो म्हण. तिथे माझ्यासारख्या किती जणींच्या अशा ओळी असतील, त्या तुझ्या हातात असाव्यात असं मला वाटतं. मला भीती वाटतेय गं. सोमवारी सकाळी लवकर ये. पासवर्ड मी परत विसरलेय.

तुझीच,
या वेळी आवाज खाली ठेवलेली,
ताई